शत्रूचा चेहरा

युद्धावरचा एखादा चांगला चित्रपट सांगा, अशी मागणी वरच्या वर्गांतली मुले शिक्षकाकडे अधूनमधून करतातच. इगतपुरीसारख्या गावात तर तिला वेगळे वजन येते. देवळालीचा तोफखाना आमच्यापासून फार दूर नाही, आणि विचारणाऱ्यांपैकी एखाददुसऱ्याला खरोखरच सैन्यात जायचे असते. जो मुलगा उद्या बंदूक हाती घेणार, त्याला आज कोणते युद्ध दाखवावे, हा मग केवळ आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही.

मुलांच्या तोंडी 'बॉर्डर' (१९९७) आणि 'उरी' (२०१९) ही नावे आधीच असतात. हे चित्रपट टाकाऊ आहेत असे मी म्हणणार नाही. लोंगेवालाची १९७१ सालची ती रात्र पडद्यावर पाहताना अंगावर येणारा काटा खोटा नसतो. परंतु बाहेर पडताना प्रेक्षक आत गेला तेवढाच असतो. छाती तेवढी थोडी फुगलेली असते. युद्धपटाने याहून अधिक काही द्यावे, अशी माझी अपेक्षा आहे. ते अधिक म्हणजे काय, हे पाहायचे तर दोन जुने चित्रपट लागोपाठ पाहावेत.

पहिला व्ही. शांताराम यांचा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' (१९४६). सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, तेथे जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करीत राहिले, तेथीलच एका परिचारिकेशी त्यांनी लग्न केले आणि १९४२ च्या डिसेंबरात, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच देह ठेवला. शांतारामांनी स्वतः कोटणीसांची आणि जयश्री यांनी त्यांच्या चिनी पत्नीची भूमिका केली. या युद्धपटाच्या नायकाचे शस्त्र म्हणजे शल्यवैद्याची सुरी, ही केवढी मोठी गोष्ट! चिनी माणूस येथे हसतो, रडतो, संसार मांडतो. जपानी सैनिक मात्र क्रौर्याचे सोंग घेऊनच येतो.

दुसरा चेतन आनंद यांचा 'हकीकत' (१९६४). १९६२ च्या लडाखमधील युद्धावरचा हा चित्रपट, आणि तोही पराभवाचा. जखम ओली असताना, दोनच वर्षांत, आपल्या माघारीवर चित्रपट काढायला छाती लागते. बर्फातून माघारी येणारे थकलेले जवान घरच्या माणसांची आठवण काढतात, त्या प्रसंगीचे गाणे रफी, तलत महमूद, मन्ना डे आणि भूपिंदर अशा चौघांच्या आवाजांत आहे. एकाच सुरात अनेकांचे दुःख कोंबण्यापेक्षा प्रत्येकाला त्याचा स्वतःचा गळा देणे, ही मदनमोहन यांची सूज्ञता. एवढ्या एका गाण्याने पलटणीची माणसे होतात. पण समोरचा चिनी? तो पुन्हा गर्दीच. जपान्याने उतरवून ठेवलेले सोंग आता चिन्याच्या अंगावर चढले आहे.

दोन्ही चित्रपटांत अंतर अवघे अठरा वर्षांचे. पहिल्यात ज्याच्या पत्नीसाठी आपण डोळे पुसले, तोच दुसऱ्यात चेहरा नसलेला झाला. राष्ट्राराष्ट्रांचे संबंध बदलले, हे खरे. 'हकीकत'ने चीनची बाजू मांडायला हवी होती, असेही माझे म्हणणे नाही. पण शत्रू बदलला तरी मुखवटा तोच राहतो, हे ध्यानात आले की युद्धपट पाहण्याची आपली नजरच बदलते.

यावर कोणी म्हणेल, शत्रूला माणूस केले तर जवानाचा हात कचरेल. मला तसे वाटत नाही. राक्षसाला मारणे ही कथेतली गोष्ट झाली. आपल्यासारख्याच माणसावर नेम धरावा लागतो, यातच जवानाच्या कर्तव्याचे खरे ओझे आहे. ते ओझे ज्या चित्रपटात दिसत नाही, तो जवानाचा गौरव करीत नसून त्याचे काम सोपे असल्याचे भासवतो.

तिसरा एक चित्रपट मी यांच्या जोडीला ठेवतो: ग्रिगोरी चुखराई यांचा रशियन 'बॅलड ऑफ अ सोल्जर' (१९५९). अल्योशा नावाचा कोवळा पोर रणगाड्यापुढे भिऊन पळतो आणि त्या भीतीतच दोन रणगाडे निकामी करतो. बक्षीस म्हणून पदक नको, आईला भेटून घराचे गळके छप्पर नीट करायला रजा हवी, असे म्हणतो. ती रजा गाड्यांच्या खोळंब्यात आणि परक्यांना मदत करण्यात सरते; आईला मिठी मारण्यापुरताच वेळ उरतो. तो परत येणार नाही हे दिग्दर्शकाने आरंभीच सांगून टाकले आहे, म्हणून त्याचा हरेक मिनिटाचा उशीर आपल्याला टोचतो. कसाऱ्याचा घाट बँकर इंजिनांच्या जोरावर चढून आलेल्या गाड्या ज्यांनी जन्मभर पाहिल्या, त्या आमच्या गावकऱ्यांना हा चित्रपट समजावून सांगावा लागणार नाही.

जर्मन माणूस याही चित्रपटात दिसत नाही. दिसतात ते रणगाडे. पण चुखराई यांनी त्या रिकाम्या जागी मुखवटा टांगलेला नाही, आणि द्वेष करा असे ते एकदाही सांगत नाहीत. शत्रूचा चेहरा दाखवणे प्रत्येक दिग्दर्शकाला साधेलच असे नाही. निदान खोटा चेहरा रंगवू नये, एवढे पथ्य त्याने पाळले, तर तो युद्धपट मी कोणत्याही मुलाला बेलाशक पाहायला सांगेन.