लक्षणांचे वाचन : महाडच्या तीन शोधनिबंधांविषयी

विंचू म्हटले की मराठी वाचकाला आधी नाथांचे भारूड आठवते. त्यातला विंचू म्हणजे काम-क्रोध आणि त्यावरचा उतारा म्हणजे सत्त्वगुण, हे आपण शाळेत शिकलो. रूपक उलगडण्याच्या घाईत एक साधी गोष्ट मात्र नजरेतून सुटते. दंश झालेल्या माणसाच्या अंगाला घाम येतो, हे नाथांनी सांगून ठेवले आहे. सोळाव्या शतकातल्या पैठणच्या कवीला दिसलेला तो घाम आपण चारशे वर्षे गात आलो. महाड तालुक्यातल्या एका डॉक्टरने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच घामाला निदानात मानाची जागा दिली.

डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचे नाव आता सर्वांना माहीत आहे. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ‘बॅरिस्टरचं कार्टं’ हे त्यांचे आत्मकथन मराठीत आवडीने वाचले गेले, पण ते मुख्यतः संघर्षगाथा म्हणून. गरिबीतून वर आलेला मुलगा, आडगावची नोकरी, परदेशी नियतकालिकात झळकलेले नाव, अशा चढत्या पायऱ्या आपण मोजतो आणि टाळ्या वाजवतो. त्या पायऱ्यांच्या टोकाशी जे लिखाण आहे ते कोणी वाचत नाही. इंग्रजीतले, तांत्रिक, म्हणून ते साहित्याच्या हद्दीबाहेरचे ठरते. मला हे खटकते. अनुभवाचे ज्ञानात रूपांतर कसे झाले, हे पाहायचे तर तेच लिखाण वाचायला हवे आणि समीक्षक ज्या कठोरपणाने कादंबरी वाचतो त्याच कठोरपणाने वाचायला हवे.

या वाचनाला माझ्या बाजूने एक कारण आहे, ते सांगून टाकतो. जयगडला आमच्या घरामागे जांभ्याचा गडगा आहे. चिऱ्यांच्या फटी, लाकूडफाटा आणि भाताची उडवी ही विंचवांची हक्काची जागा. मी लहान असताना आश्विनात, कापणीच्या दिवसांत, माझ्या चुलतभावाला भारा उचलताना विंचू चावला. तो सहा वर्षांचा होता. आधी तो ओरडला, मग उलट्या झाल्या, मग घामाने भिजून गप्प पडून राहिला. विंचू उतरवणाऱ्याने त्याचे हात चाचपले. हात गार होते. “उतरलं,” तो म्हणाला. आजीने देवापुढे नारळ ठेवला. सकाळची एसटी येण्याआधीच तो गेला. पुढे अनेक वर्षे आमच्या घरात चर्चा होत राहिली ती मंत्र चुकला की उशीर झाला याची. आम्ही ती खूणच उलटी वाचली होती, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले.

ते कळले बावस्करांच्या पहिल्या निबंधापाशी. तो १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना पाहिलेल्या रुग्णांचा अनुभव त्यामागे आहे. निबंधाच्या शीर्षकातच त्याचे सार आहे. लाल विंचवाच्या दंशानंतर हृदयावर होणाऱ्या परिणामांची ‘पूर्वसूचक’ लक्षणे आणि चिन्हे, असा त्याचा अर्थ. रुग्ण धापा टाकू लागला, तोंडाला फेस आला की विष हृदयापर्यंत पोहोचले हे कोणीही सांगेल. त्याआधीच्या तासांत काय दिसते, हा बावस्करांचा प्रश्न होता. उलटी, भरपूर घाम, सुटलेली लाळ, मुलग्यांमध्ये लिंगाचा न ओसरणारा ताठरपणा आणि गार पडलेले हातपाय, ही त्यांची यादी. यांपैकी एकाही गोष्टीला यंत्र लागत नाही. विंचूदंशाच्या पुढे रूढ झालेल्या चार पायऱ्यांच्या वर्गवारीत पहिली पायरी आहे ती नुसत्या असह्य वेदनेची. म्हणजे ज्याला फक्त जीवघेणी कळ आहे आणि अंगात दुसरे काही दिसत नाही, तो बहुधा निभावतो. लक्ष ठेवायचे ते घामाने भिजलेल्या आणि गार पडलेल्या माणसावर, मग तो कितीही शांत दिसो.

हे वाचताना मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. उतरवणारा माणूस लबाड नव्हता. हात चाचपायचे असतात, हे त्याला माहीत होते. गारव्याचा अर्थ तेवढा त्याच्या परंपरेने त्याला चुकीचा शिकवला होता. कळीनेच ओरडणाऱ्या शंभर जणांना आपोआप उतार पडला होता आणि त्याचे श्रेय मंत्राला मिळाले होते. मोजदाद नसेल तर अनुभव अशीच फसवी साक्ष देतो, आणि हे फक्त मांत्रिकांच्या बाबतीत घडते असे नाही. त्या काळी शिकलेले डॉक्टरही अॅट्रोपिन, स्टेरॉइड, अॅलर्जीवरची इंजेक्शने देत. अॅट्रोपिनने घाम आणि लाळ थांबते, पाहणाऱ्याला बरे वाटते, पण आधीच उधळलेले हृदय आणखी वेगाने पळू लागते.

दुसरा निबंध १९८६चा, पुन्हा ‘लॅन्सेट’मधला. डॉ. प्रमोदिनी बावस्कर त्याच्या सहलेखिका आहेत, हे संघर्षगाथेच्या वाचनात सहसा मागे पडते. या विंचवाचे विष मज्जातंतूंतले सोडियमचे मार्ग उघडे ठेवते. त्यामुळे शरीरातच तयार होणाऱ्या अॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी भरते. विंचूदंशानंतर फुप्फुसात पाणी होते, याकडे डॉ. मुंडले यांनी १९६१ सालीच ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधून लक्ष वेधले होते. म्हणजे प्रश्न आधीपासून मांडलेला होता. बावस्करांनी त्याला प्राझोसिन हे उत्तर सुचवले. रक्तदाबावरची ही साधी, तोंडाने घ्यायची गोळी आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो म्हणून रुग्णाला झोपवून ठेवायचे, एवढे पथ्य.

प्राझोसिनपूर्वी गंभीर दंशात शंभरातले तीसच्या आसपास रुग्ण दगावत आणि नंतर हे प्रमाण एकावर आले, हे वाक्य आज प्रत्येक गौरवलेखात असते. समीक्षकाने इथे थबकले पाहिजे. ही तुलना कालच्या रुग्णांशी आजच्या रुग्णांची आहे. मधल्या काळात रस्ते झाले, एसटी वाढली, लोक मंत्र सोडून लवकर दवाखान्यात येऊ लागले, डॉक्टरांना लक्षणे ओळखता येऊ लागली. सौम्य दंशाचे रुग्णही अधिक येऊ लागले असतील, तर छेद फुगून टक्केवारी आपोआप घटते. या सगळ्यातला गोळीचा वाटा किती, हे अशा तुलनेतून वेगळे काढता येत नाही. वाटा मोठा असावा, असे विषाची क्रिया समजल्यावर पटते. पण पटणे आणि सिद्ध होणे यांत अंतर आहे. जयगडच्या मांत्रिकालाही पटलेलेच होते.

म्हणून तिसरा निबंध मला सर्वांत मोठा वाटतो, जरी गौरवलेखांत त्याला एखादी ओळच मिळते. २०११ साली तो ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. दोन उपचारांत निवड करायची तर रुग्ण चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटायचे, ही पद्धत त्याच नियतकालिकातल्या १९४८च्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीपासून प्रतिष्ठा पावली. महाडला सत्तर रुग्ण असे वाटले गेले. पस्तीस जणांना फक्त प्राझोसिन, पस्तीस जणांना प्राझोसिनसोबत विंचवाचे प्रतिविष. दहा तासांत लक्षणे पूर्ण ओसरली ती पहिल्या गटात आठ जणांची आणि दुसऱ्या गटात बत्तीस जणांची. ज्या औषधाने जगभर नाव मिळवून दिले, तेच औषध एकट्याने अपुरे आहे का, हे त्या माणसाने स्वतः तपासले आणि उत्तर स्वतःच्या नावाने छापले. आदल्याच वर्षी, २०१० साली, आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या डॉ. विवेक नातू आणि सहकाऱ्यांनीही गंभीर दंशात प्रतिविष सरस ठरल्याचे ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’मध्ये मांडले होते.

या चाचणीतही उणिवा आहेत. कोणाला काय दिले हे डॉक्टरांना ठाऊक होते, आणि घाम-लाळ थांबली की नाही हे तर डोळ्यांनीच ठरवायचे. रुग्ण मोजके, ठिकाण एकच. प्रतिविषाने लक्षणे लवकर ओसरतात हे तिने दाखवले. त्याने मृत्यू किती टळतात हा तिचा प्रश्न नव्हता. तरी आठ आणि बत्तीस हा फरक नुसत्या नजरेच्या कलाने पडण्याइतका लहान नाही.

आता निदान सुधारण्याच्या नव्या तंत्रांची चर्चा जोरात आहे. मोबाइलवर हृदयाचा आलेख निघतो, दूरचा तज्ज्ञ पडद्यावर भेटतो, संगणक निदान सुचवतो. जयगडहून जिल्ह्याचे रुग्णालय चाळीसहून अधिक किलोमीटरवर असल्यामुळे मला ही साधने हवीच आहेत. पण या तीन निबंधांतले तंत्र वेगळ्या जातीचे आहे. काय पाहायचे ते ठरवणे, पाहिलेले मोजणे आणि मोजलेल्याच्या आधारे स्वतःला खोटे पाडण्याची संधी ठेवणे, अशा त्याच्या तीन पायऱ्या आहेत. वैद्यकीय महाविद्यालयात शिकवावे, तसेच आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेला आणि आशा ताईलाही शिकवावे, असे ते आहे. हातपाय गार आहेत का, घाम किती, उलटी झाली का, हे तिघांपैकी कोणालाही विचारता येते.

मराठी समीक्षेकडे माझी मागणी लहान आहे. दलित आत्मकथने वाचताना आपण अनुभवाच्या खरेपणाची चर्चा केली, ग्रामीण कादंबरी वाचताना बोलीची केली. पुराव्याच्या खरेपणाची चर्चा आपल्याकडे जवळजवळ नाही, कारण पुरावा मांडणारे लिखाण आपण वाचतच नाही. हे तीन निबंध मराठीत यावेत, त्यांच्यावरच्या आक्षेपांसह. ते एका लहान पुस्तिकेत मावतील. आमच्या घरी आजही कापणीला भाऊबंद जमतात, आणि कोणाला विंचू चावला की कोणीतरी म्हातारे हात चाचपून पाहतातच. ती सवय चांगली आहे. गार लागल्यावर काय करायचे, हे तेवढे त्यांना कोणीतरी त्यांच्या भाषेत सांगायला हवे.