नावेतला पंडित आणि आपले प्रवासवर्णन

मराठी माणसाला समुद्राचे वावडे आहे असे कुणी म्हटले, तर मालवण-वेंगुर्ल्याकडचा वाचक रागावेल, आणि त्याचा राग रास्तच असेल. ज्या किनाऱ्यावर तांडेलांच्या पिढ्यामागून पिढ्या वाढल्या, तिथल्या माणसाला असले काही ऐकवण्याचा अधिकार घाटकोपरच्या एका शिक्षिकेला नाही. मी बोलणार आहे ती दर्यावर चालणाऱ्या माणसाबद्दल नव्हे, दर्यावर लिहिणाऱ्या माणसाबद्दल. आमचा प्रवासवर्णनकार समुद्र पाहतो, ओलांडतो, त्याला उपमा देतो. पण त्याचे अंग कधी भिजत नाही. तो होडीत बसतो तो पैलतीराला काय आहे याची टिपणवही उघडूनच. होडीतला मधला वेळ त्याच्या हिशेबी फुकट गेलेला वेळ असतो.

ग्रीसच्या बेटांकडे जाणारे लोक तिथल्या एका साध्या सुखाविषयी नेहमी सांगतात. सकाळी लहानशी बोट बंदरातून निघते. कड्यांच्या आडोशाला एखादी निळी खाडी लागली की तांडेल इंजिन बंद करून नांगर टाकतो. बाजूला शिडी सोडली जाते आणि ज्याला हवे तो पाण्यात उतरतो. पुन्हा वर यायचे, अंग पुसायचे, भाकरतुकडा खायचा, पुढची खाडी गाठायची आणि दिवस कलला की परतायचे. सबंध दिवसात घडत काहीच नाही. आता या 'काहीच न घडण्या'वर मराठीत चार पाने लिहिता येतील का? मला वाटते, ही आपल्या प्रवासवर्णनाची खरी परीक्षा आहे.

परीक्षा घेण्यापूर्वी आपली पूर्वपीठिका पाहिली पाहिजे. पंडिता रमाबाईंचे 'इंग्लंडचा प्रवास' १८८३ चे आणि 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' १८८९ चे. या दुसऱ्या नावातला क्रम पाहा: आधी लोकस्थिती, मग प्रवास. त्या काळी ते योग्यच होते. एका विधवा स्त्रीने समुद्र ओलांडायचा, तर तिने समाजासाठी काहीतरी आणलेच पाहिजे. मौज म्हणून ती गेली असे म्हणण्याची सोयच नव्हती. पुढे अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' १९४० साली आले. इथेही नावच सांगते की लेखक एका विचाराच्या शोधात निघाला आहे. गंगाधर गाडगीळांचे 'सातासमुद्रापलीकडे' १९५९ चे. मराठी नवकथेची चिकित्सक नजर त्यांच्याबरोबर परदेशी गेली. आणि १९६० साली पु. ल. देशपांड्यांची 'अपूर्वाई' आली, तेव्हा प्रवासवर्णनात प्रथमच घरचा माणूस शिरला. त्याला भूक लागते, त्याची फजिती होते, त्याला घराची आठवण येते. निवांतपणा मराठी प्रवासवर्णनात आला तो पु. लं.च्या पावलांनी, हे मान्यच केले पाहिजे. पण तो निवांतपणा माणसांच्या सहवासातला, गप्पांच्या फडातला आहे. माणूस आणि पाणी एवढेच दोघे समोरासमोर, असा तो नाही.

ग्रीसच म्हणाल तर मीना प्रभूंचे 'ग्रीकांजली' मराठीत आहे. बाईने देशोदेश हिंडावे आणि प्रत्येक देशावर भरगच्च पुस्तक लिहावे, हे रमाबाईंनंतरच्या शतकाने टाकलेले मोठेच पाऊल. तरीसुद्धा आपले वाचक अशा पुस्तकांची स्तुती कशी करतात ते ऐका. 'माहिती केवढी दिली आहे!' माहिती हा आपल्या लेखी प्रवासवर्णनाचा पहिला गुण. उरलेले सारे गुण त्याच्या मागे रांगेत उभे.

वास्तविक काहीच न घडण्यावर लिहिण्याची कला मराठीला अवगत नाही असे नाही. फडक्यांनी, खांडेकरांनी आणि खुद्द काणेकरांनी लघुनिबंध घडवला तो याच पायावर. ज्या मराठीने क्षुल्लक गोष्टीवरून हळूच मनात उतरण्याची ही वाट पाडली, तिला होडीतला एक तास अवघड जाऊ नये. तो जातो, कारण पाण्याकडे पाहण्याची आपली दृष्टी निराळ्या गोष्टींनी घडवली आहे.

आपल्या घरोघरीच्या फडताळात पाणी कोणकोणत्या रूपांत आहे ते पाहा. 'श्यामची आई' प्रत्येक घरात असते. त्यातला पोहण्याचा प्रसंग कोण विसरेल? पाण्याला भिणाऱ्या श्यामला आई शिंपटीने मारून विहिरीवर धाडते, कारण आपल्या मुलाला कुणी भित्रा म्हणू नये. मारणारी आईच आतून कळवळत असते, म्हणून तो प्रसंग थोर आहे. परंतु पाणी तिथे येते ते भीतीच्या रूपाने, आणि पोहणे हे त्या भीतीवरचे औषध म्हणून. दुसरे पोहणे आपल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे, ते सावरकरांचे, ८ जुलै १९१० चे, मार्सेलिसच्या बंदरातले. तिथे पाणी ही सुटकेची वाट आहे. कुसुमाग्रजांच्या 'कोलंबसाचे गर्वगीत' या कवितेत समुद्र हा ललकारण्याजोगा शत्रू आहे. भीती, सुटका, आव्हान. तिन्ही रूपे मोठी आहेत. ती मी कमी लेखत नाही. पण चौथे रूप, पाणी म्हणजे सोबती, ते शोधावे लागते. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. या तिन्ही चित्रांत पाण्याशी झुंजणारे पुरुष आहेत. मुली काठावर कपडे सांभाळीत बसल्या आहेत, किंवा चित्रातच नाहीत.

ग्रीकांची गोष्ट या बाबतीत उद्बोधक आहे. त्यांच्यात अडाणी माणसाची एक ओळख सांगितली जाई: त्याला अक्षर येत नाही आणि पोहताही येत नाही. प्लेटोने आपल्या 'लॉज' या ग्रंथात तिचा उल्लेख केला आहे. म्हणजे लिहिणे आणि पोहणे ही त्यांच्या लेखी एकाच पंक्तीला बसणारी दोन शिक्षणे. होमरचा ओडिसियस तराफा फुटल्यावर दोन दिवस आणि दोन रात्री पोहत किनाऱ्याला लागतो. ज्यांच्या आद्य महाकाव्याचा नायक असा पोहतो, त्यांच्या बेटांवरच्या होड्यांना शिडी असावी, यात नवल काय?

आपल्याकडेही याच तोलाची एक गोष्ट आहे आणि ती आम्ही शाळेत वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. पंडित नावेत बसतो. नावाड्याला विचारतो, व्याकरण येते का? शास्त्रे येतात का? नाही म्हटल्यावर, तुझे आयुष्य फुकट गेले म्हणतो. मग वादळ येते आणि नावाडी विचारतो, पंडितजी, पोहता येते का? तेराव्या शतकात रूमीने ही गोष्ट आपल्या 'मसनवी'त व्याकरणपंडित आणि नावाडी यांच्याविषयी सांगितली आहे. तेव्हा ती पुष्कळ हिंडलेली दिसते. आम्ही ती सांगतो, मुले पंडिताला हसतात, आणि तास संपतो. मुलांना पोहायला कुठे शिकवतात हा प्रश्न त्या तासात येत नाही. साहित्यातही तेच झाले. आपण टाळी दिली नावाड्याला. बसलो मात्र पंडिताच्या जागेवर.

त्याचा परिणाम मला वह्या तपासताना दिसतो. आमच्या शाळेची सहल घारापुरीला जाऊन आली, तेव्हा मी नववीच्या वर्गाला त्यावर निबंध घातला. बेचाळीस वह्या आल्या. बहुतेक साऱ्यांत गेटवे ऑफ इंडिया आहे, आणि पुढल्याच वाक्यात त्रिमूर्ती. वीस फूट उंचीची मूर्ती, १९८७ साली जागतिक वारशात समावेश, सारे बरोबर. पण गेटवेपासून घारापुरीपर्यंत सुमारे दहा किलोमीटर पाणी आहे आणि लाँचला जवळजवळ तास लागतो. नौदलाची जहाजे, तेलाची जहाजे, हिवाळ्यात लाँचच्या मागे लागणारे सीगल, हे सारे त्या तासात होते. तो तास बेचाळिसांपैकी एकेचाळीस वह्यांत नाहीच. मुलांचा दोष नाही. त्यांच्यासमोर आपण ज्या नमुन्याची प्रवासवर्णने ठेवतो, तोच नमुना त्यांनी गिरवला.

एका मुलीने मात्र निराळे लिहिले होते. तुषार तोंडावर उडाले आणि ओठ चाटल्यावर खारट लागले. परतताना लाट समोरून येऊ लागली तेव्हा लाँचचा आवाज बदलला. तिच्या वाट्याला आलेल्या जॅकेटचा पट्टा तुटका होता, म्हणून तिने त्याची गाठ मारली. शुद्धलेखनाच्या सात चुका होत्या. वर्गात मी वाचून दाखवला तो तिचाच निबंध.

तो तुटका पट्टा मला पुढे फार दिवस सतावत राहिला. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच घारापुरीच्या वाटेवर 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली आणि पंधरा माणसांचे प्राण गेले. त्यानंतर जॅकेटची सक्ती झाली. कुणी म्हणेल, जिथे असे घडते तिथे पाण्यातल्या मौजेच्या लिखाणाची मागणी करणे हा शुद्ध चैनीपणा आहे. मला नेमके उलटे वाटते. पाण्यावरचा तास ज्याला फुकटचा वाटतो, तो त्या तासात आजूबाजूला पाहत नाही. जॅकेटे किती, माणसे किती, वारा कुठला, हे त्याला दिसत नाही, कारण तो मनाने केव्हाच लेण्यांत पोहोचलेला असतो. ज्याला पाणी आवडते, तोच पाण्याला ओळखतो. आणि जो ओळखतो, तोच योग्य तितका भितो. आपल्या साहित्याने आपल्याला पाण्याचा धाक दिला, ओळख दिली नाही.

ही ओळख मिळवायला ग्रीसपर्यंत जावे लागत नाही. मालवणला जाणारी मंडळी धक्क्यावरून होडीने सिंधुदुर्ग पाहायला जातात. १६६४ ते १६६७ या काळात बांधलेला हा किल्ला. खाऱ्या पाण्याच्या मधोमध दूध, दही आणि साखर अशा नावांच्या गोड्या पाण्याच्या विहिरी. होडीवाला तासाभरात परत यायला सांगतो आणि आपण घड्याळाकडे पाहत किल्ला उरकतो. पण तिथेच, किल्ल्याच्या आसपासच्या खडकांजवळ, होडी थांबवून पर्यटकांना मुखवटा आणि नळी लावून पाण्यात सोडतात. गेल्या हिवाळ्यात मीही उतरले. साडी होडीत घडी करून ठेवलेली, अंगावर सलवार-कमीज आणि जॅकेट, काठाची सवय असलेले चाळिशीतले शरीर. होडीवर बसलेला म्हातारा तांडेल एवढेच म्हणाला, "बाईनू, अंग सैल सोडा. पाणी तुमका धरतलां." आणि खरोखरच पाण्याने धरले. खाली खडकावर पट्ट्यापट्ट्यांचे लहान मासे आपल्या उद्योगात होते. त्यांना माझी काही दखल नव्हती. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही.

हा अनुभव लिहायला बसले तेव्हा मात्र मला मराठी शब्द जवळ सापडेनात. किल्ल्यासाठी शब्द भराभर आले: बुरूज, तट, दिंडी, इतिहास, अभिमान. पाण्यात तरंगताना पाठीला जे लागते, कानांत जी शांतता भरते, तिच्यासाठी वाक्ये तयार नव्हती. ती तांडेलाकडे होती, मालवणीत, तीन-चार शब्दांत. त्याचे नाव मी विचारून घेतले आणि वहीत लिहिले. आपल्या प्रवासवर्णनांत नावाड्याला बहुधा नाव नसते. तो 'नावाडी' असतो, जसा दगड 'दगड' असतो. या लेखनप्रकारावर माझा मोठा आक्षेप आहे तो हाच. ज्याच्या हाती आपला जीव असतो त्याचे नाव न विचारता जो लेखक परत येतो, त्याच्या निरीक्षणावर किती भरवसा ठेवायचा?

आमच्या घाटकोपरकरांची गोष्ट तर आणखी नवलाची. पूर्वेला खारफुटीपलीकडे ठाण्याची खाडी आहे. तिथे हजारोंनी रोहित पक्षी येतात. २०१५ साली तिचे अभयारण्य झाले, २०२२ साली तिला रामसर स्थळाचा मान मिळाला. भांडुप आणि ऐरोलीहून भरतीच्या वेळी होड्या सुटतात. त्या गढूळ पाण्यात कुणी पोहणार नाही. पण तासभर नुसते बसून राहता येते. तरी आमच्यातले कितीजण ती खाडी महामार्गावरच्या बसच्या खिडकीतूनच पाहतात! आणि घाटकोपरवर लिहिणाऱ्या आम्हा कादंबरीकारांच्या पानांत चाळ आहे, लोकल आहे, डोंगरउतारावरची वस्ती आहे. खाडी कुठे आहे?

तेव्हा लिहिणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच आहे की माहिती थोडी कमी करा. ती आता कुणालाही कुठेही मिळते. तुम्ही होडीत बसलात तो तास आम्हाला द्या. वारा कुठून होता, तांडेलाचे नाव काय, तुमच्या शेजारची बाई कशाला घाबरली आणि कशाने हसली, पाण्यात उतरलात तर ते कुठे गार लागले आणि कुठे कोमट. आणि वाचकहो, तुम्हाला सांगणे त्याहून साधे. या सुट्टीत मुलांना सहलीला न्याल तेव्हा परत आल्यावर 'काय काय पाहिलेस?' एवढेच विचारू नका. होडीत काय झाले तेही विचारा. आणि त्याआधी, मुलग्यांबरोबर मुलींचेही नाव जवळच्या तरणतलावात घाला. परीक्षेचे निमित्त पुढे करून ते लांबणीवर टाकू नका. पंडितालाही त्याच्या परीक्षांतून कधी सवड झाली नव्हती.