सामायिक स्मृतीवरील समांतर प्रोग्रामिंगचे सुवाह्य कंपायलर : एक चिकित्सा

सामायिक स्मृतीवर आधारित समांतर प्रोग्रामिंगसाठी ‘ओपनएमपी’ची पहिली मानके १९९७ साली फोरट्रानकरिता व १९९८ साली सी आणि सी++ या भाषांकरिता प्रसिद्ध झाली. मूळ प्रोग्राम कायम ठेवून त्यात सूचना लिहाव्यात व थ्रेड निर्माण करण्याचे काम कंपायलरवर सोपवावे, ही त्यामागील भूमिका होय. एकदा लिहिलेला प्रोग्राम कोणत्याही यंत्रावर चालावा, यालाच सुवाह्यता म्हटले गेले. प्रस्तुत लेखात या संकल्पनेची दोन कंपायलरांच्या आधारे चिकित्सा केली आहे.

जपानमधील ‘रिअल वर्ल्ड कम्प्युटिंग पार्टनरशिप’ने तयार केलेला ‘ओम्नी’ मूळ प्रोग्रामचे साध्या सी भाषेत रूपांतर करतो. पुढील काम त्या यंत्रावरील सी कंपायलर करतो. त्यामुळे नव्या यंत्रावर जाणे सुलभ होते. मात्र समांतर भाग स्वतंत्र फंक्शनमध्ये काढल्याने सामायिक स्थानिक चलांचे केवळ पत्ते पुढे जातात. परिणामी, त्या चलांविषयीची माहिती धूसर होते व गती वाढविणाऱ्या सुधारणांना मर्यादा पडतात.

ह्यूस्टन विद्यापीठात बार्बरा चॅपमन यांच्या गटाने ‘ओपन६४’वर उभारलेल्या ‘ओपनयूएच’ने हा दोष ओळखला. त्यात समांतर भाग मूळ फंक्शनच्या आतच ठेवला जातो. त्यामुळे स्थानिक चले दृश्य राहतात. सुरुवातीला इटॅनियमसाठी थेट यंत्रसंकेत मिळत असे; इतर यंत्रांसाठी मात्र मध्यवर्ती रूपातून पुन्हा सी वा फोरट्रान निर्माण करावे लागे. अर्थात, सुवाह्यता व सर्वोच्च कार्यक्षमता तेथेही एकाच मार्गाने प्राप्त होत नसत.

याहून गंभीर प्रश्न अचूकतेचा आहे. थ्रेडची जाणीव नसलेला कंपायलर मूळ प्रोग्राममध्ये नसलेले लेखन स्मृतीत करू शकतो, हे हान्स बोहम यांनी २००५ साली दाखवून दिले. ओम्नीसारख्या पद्धतीत अंतिम निर्णय अशाच कंपायलरच्या हाती जात असे. सी भाषेच्या मानकात स्मृतीविषयक नियम २०११ साली आले. तोपर्यंत या सुवाह्यतेचा पाया भाषेच्या नियमांवर नव्हे, तर कंपायलरच्या संयमावर होता.

शिवाय, ओपनएमपीमध्ये ‘रिडक्शन’ करताना थ्रेडनिहाय बेरजा कोणत्या क्रमाने एकत्र कराव्यात हे ठरविलेले नाही. दशांश संख्यांच्या बेरजेत क्रम बदलल्यास शेवटचे अंक बदलू शकतात. म्हणजे प्रोग्राम सुवाह्य असला तरी उत्तर सुवाह्य असेलच असे नाही.

सारांश, संकेत, गती व उत्तर या सुवाह्यतेच्या तीन भिन्न पातळ्या होत. या कंपायलरांनी पहिली पातळी यशस्वीपणे गाठली, हे त्यांचे निर्विवाद श्रेय होय. तथापि, त्यावरून उर्वरित दोन गृहीत धरणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य नाही. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र वा सांख्यिकीतील संशोधकाने समांतर प्रोग्रामचे निष्कर्ष मांडताना कंपायलर, त्याची आवृत्ती व थ्रेडसंख्या नोंदविणे म्हणूनच अनिवार्य मानले पाहिजे.