तांडा, रसद आणि ‘गावगाडा’

लोणावळ्याच्या दक्षिणेला, नागफणीच्या सुळक्याच्या पाठीशी कुरवंडे आहे. इथून जुनी वाट घाटावरून खाली चावणीकडे उतरते. शाइस्तेखानाने पुण्याहून कोकणात धाडलेला कारतलबखान याच वाटेने खाली गेला आणि फेब्रुवारी १६६१ मध्ये उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी त्याला कोंडून शरण आणले. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त या प्रसंगाचे वर्णन आहे. गर्द रान, अरुंद वाट, कोंडलेली फौज, माहूरच्या रायबागनने खानाला दिलेला शरणागतीचा सल्ला, हे सगळे त्यात येते. हा प्रसंग मराठी वाचकाला पाठ आहे. या वाटेने फौजेचे धान्य कोणाच्या बैलांवरून जात होते, हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारत नाही. परमानंदाने तो विचारावा अशी अपेक्षा नाही. तो चरित्रकाव्य लिहीत होता. पण त्याच्यानंतर तीनशे वर्षे गद्य लिहिणाऱ्यांनीही तो विचारू नये, हे खटकते.

दख्खनच्या लढायांत भटक्या गोपालकांचे, म्हणजे मुख्यतः लमाण-बंजाऱ्यांचे, स्थान काय होते आणि मराठी लेखनाने ते कसे पाहिले, एवढाच या लेखाचा विषय आहे. धनगर हा दुसरा मोठा पशुपालक समाज. त्यांच्यातून होळकरांसारखे सरदार घराणे उभे राहिले, त्यामुळे युद्धाच्या इतिहासात त्यांना निदान एक दार मिळाले. लमाणांना तेही नाही.

आधी उपलब्ध पुरावा पाहू. चौदाव्या शतकात झियाउद्दीन बरनी अलाउद्दीन खिलजीच्या बाजारव्यवस्थेबद्दल लिहिताना धान्य वाहणाऱ्या ‘कारवानियां’चा उल्लेख करतो, सुलतानाने त्यांना बायकामुलांसह यमुनाकाठी आणून बसवले होते. जहांगीर आपल्या आठवणींत बंजाऱ्यांचा बैल बाळगणारी आणि फौजेबरोबर धान्य नेणारी जात म्हणून नावाने निर्देश करतो. इंग्रज प्रवासी पीटर मंडी याला १६३२ च्या सुमारास उत्तर हिंदुस्थानात एक तांडा भेटला, त्यात चौदा हजार बैल होते. बैलामागे शंभर किलोच धरले तरी एका तांड्यावर चौदाशे टन धान्य होते. हा आकडा डोळ्यांसमोर ठेवला की पुढचे बरेच उलगडते. एवढे धान्य हलवण्याची यंत्रणा त्या काळी कोणत्याही सरकारपाशी स्वतःची नव्हती.

हे शक्य होत असे ते चराईमुळे. तांड्याचा बैल वाटेवर चरत चाले, त्याला विकतचा चारा घालावा लागत नसे. म्हणून तांडा दिवसाला दोनतीन कोसच जाई आणि म्हणूनच त्याचे भाडे गाडीपेक्षा कमी पडे. बायका, मुले, कुत्री, सगळा संसार बरोबर. गोणी रात्री रचल्या की त्यांचीच तटबंदी होई. कोकणातले मीठ घाटावर आणि देशावरचे धान्य खाली नेणे हा त्यांचा शांततेच्या काळातला व्यापार. ‘लमाण’ हे नाव काहीजण ‘लवणा’शी जोडतात ते यामुळेच. सह्याद्रीतल्या घाटवाटा एरवी अशाच ओझ्याच्या जनावरांनी राबत्या ठेवल्या होत्या.

युद्धात या यंत्रणेची किंमत किती होती, याचा सर्वांत स्वच्छ पुरावा १७९१ चा आहे. लॉर्ड कॉर्नवॉलिस टिपूवर चालून श्रीरंगपट्टणापर्यंत पोहोचला, अरिकेरेची लढाई जिंकला, आणि तरी मे महिन्यात त्याला तोफा मोडून मागे फिरावे लागले. बैल मेले होते, धान्य संपले होते. माघारीच्या वाटेवर त्याला हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांची फौज भेटली आणि मराठ्यांच्या छावणीतला बाजार भरलेला पाहून इंग्रज थक्क झाले. परशुरामभाऊंबरोबरच्या इंग्रज पथकातला एडवर्ड मूर याने १७९४ मध्ये छापलेल्या आपल्या वृत्तांतात लमाणांविषयी लिहिले आहे. पुढे इंग्रजांनी हा धडा घेतला. १८०३ मध्ये अहमदनगर आणि असईच्या मोहिमेत आर्थर वेलस्लीच्या पत्रव्यवहारात बैल आणि ‘ब्रिंजारी’ हे शब्द पुन्हापुन्हा येतात. त्याची चिंता जितकी शिंद्यांच्या तोफांची तितकीच गोणींची आहे.

या सगळ्यात आपल्याकडचा एक शब्द तपासण्यासारखा आहे, ‘बाजारबुणगे’. पानिपताच्या पराभवाची कारणे सांगताना बुणग्यांचे ओझे हे कारण आपण सहज सांगतो. पण भाऊसाहेबांची छावणी उपाशी पडली ती रसद तुटल्यामुळे. रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेल्यावर दिवस फिरले. १७९१ मध्ये ज्या बाजाराने इंग्रजांना वाचवले आणि १७६० मध्ये ज्याच्या अभावाने मराठे मेले, तो बाजार चालवणाऱ्यांना एकाच तुच्छतेच्या शब्दात गोळा करायचे, ही आपल्या इतिहासलेखनाची सवय आहे. यात्रेकरू आणि लमाण यांत फरक करावा, एवढेही आपल्याला सुचलेले नाही.

आता मुख्य मुद्दा. बंजाऱ्यांमध्ये एका ताम्रपटाची परंपरा आहे. शाहजहानचा वजीर आसफखान दख्खनेत विजापूरवर उतरला तेव्हा भंगी आणि जंगी हे राठोड नाईक त्याच्या फौजेबरोबर होते; त्यांचे बैल परंपरा एक लाख ऐंशी हजार सांगते. त्या बदल्यात त्यांना सनद मिळाली. गावातल्या रांजणाचे पाणी घ्यावे, घरांच्या छपराचे गवत काढून बैलांना घालावे, आणि दिवसाला तीन खून माफ. वऱ्हाडातला अधिकारी कंबर्लेज याने १८८२ मध्ये ही परंपरा छापली, रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथाने ती सर्वदूर नेली. आकड्यांवर विश्वास ठेवायचे कारण नाही. सनद खरी की रचलेली, हाही वाद बाजूला ठेवता येतो. तिच्यात जो व्यवहार सांगितला आहे तो महत्त्वाचा आहे. बादशाही तिजोरीतून काहीच दिलेले नाही. पाणी गावाचे, छप्पर कुणब्याचे, आणि मारला जाणारा माणूसही गावचाच. सत्तेने नाइकांना मजुरी म्हणून दंडमुक्ती दिली, आणि तिची किंमत वाटेवरच्या गावांकडून वसूल करवली.

हा व्यवहार केवळ आपल्याकडचा नाही. सुदानच्या पश्चिमेला दारफुर आणि कोर्दोफान प्रांतांत अरबी बोलणारे भटके गोपालक आहेत. त्यांना ‘बग्गारा’ म्हणतात. अरबीत ‘बकर’ म्हणजे गाय, त्यावरून हे नाव. उत्तरेला उंट पाळणारे ते ‘अब्बाला’. एकोणिसाव्या शतकात महदीच्या उठावाला बग्गारांनी बळ दिले आणि महदीनंतर गादीवर आलेला खलिफा अब्दुल्लाही हा ताइशा नावाच्या बग्गारा टोळीतला होता. १९८० च्या दशकात खार्तूमच्या सरकारने दक्षिणेतल्या बंडाविरुद्ध बग्गारांच्या टोळ्यांना शस्त्रे दिली, पगार नाही. लुटलेली गुरे हाच पगार. २००३ नंतर दारफुरमध्ये तेच ‘जंजावीद’ या नावाने झाले आणि त्यातून पुढे जी निमलष्करी फौज निघाली ती एप्रिल २०२३ पासून देशाच्या लष्कराशीच लढते आहे. तिचा प्रमुख मोहम्मद हमदान दगालो हा रिझेगातांच्या एका शाखेतला, कधीकाळचा उंटांचा व्यापारी. मराठी वर्तमानपत्रे हे ‘अरब विरुद्ध आफ्रिकी’ असे एका ओळीत छापतात. पण दक्षिण दारफुरमधले रिझेगात, ज्यांच्याकडे पूर्वापार मान्यता असलेली स्वतःची भूमी होती, ते २००३ मध्ये बऱ्याच अंशी बाजूला राहिले. सरकारच्या हाकेला धावले ते मुख्यतः उत्तरेचे भूमिहीन उंटवाले, ज्यांची चराई दुष्काळाने आणि वाळवंटाने खाल्ली होती. त्यांनी मसालित आणि फूर लोकांची गावे जाळली, त्याचा दोष याने कमी होत नाही. पण हिंसा रक्तात होती, हे स्पष्टीकरण मात्र टिकत नाही.

लमाण आणि बग्गारा यांत मोठा फरकही आहे, तो विसरू नये. लमाण लढवय्या म्हणून वापरला गेला नाही. त्याचे भांडवल चार पायांवर उघड्या माळावर उभे असे, आणि धान्य दोन्ही बाजूंना हवे असे. त्यामुळे दोन्ही बाजू त्याला हात लावत नाहीत, असे इंग्रज लेखकांनी नमूद केले आहे. बंदुकीला मात्र असा तटस्थ गिऱ्हाइकी व्यवहार नसतो. तरी दंडमुक्तीचा पगार आणि तिचा भार सोसणारी गावे, एवढे दोन्हीकडे सारखे आहे.

त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५) या प्रकाशात पुन्हा वाचावा. मराठीत ग्रामव्यवस्थेवर इतके जवळून पाहिलेले दुसरे पुस्तक क्वचितच असेल. आत्रे कोणालाच सोडत नाहीत. वतनदार, अलुतेबलुते, भिक्षुक, सगळे कुणब्याच्या डोक्यावर बसलेले आहेत, हे ते हिशेब मांडून दाखवतात. त्यांचा ‘फिरस्त्यां’वरचा रागही त्याच हिशेबातून येतो. गावाच्या वेशीत उभे राहून पाहिले तर तो राग खोटा नाही. छपराचे गवत कोणी ओरबाडले ते कुणबी विसरत नाही. पण आत्र्यांचा हिशेब वेशीपाशी संपतो. फिरस्ता गावाकडून काय नेतो ते त्यात आहे. तो दोन गावांमध्ये, दोन प्रांतांमध्ये, दुष्काळ आणि सुकाळ यांमध्ये काय वाहून नेत होता, ते त्यात नाही. आत्र्यांनी ‘गुन्हेगार जाती’ हेही पुस्तक लिहिले, आणि दोन्ही पुस्तकांमागे एकच गृहीत दिसते. घर नसलेला माणूस संशयितच असतो. इंग्रजी अंमलाचेही हेच गृहीत होते. फरक इतकाच की इंग्रजांना तांड्यांची गरज होती तोवर त्यांनी ते बाजूला ठेवले. कॅप्टन ब्रिग्ज याने मुंबईच्या लिटररी सोसायटीसाठी बंजाऱ्यांवर लिहिलेला निबंध १८१९ मध्ये छापून आला, तेव्हा पेशवाई नुकतीच बुडाली होती. त्याच्या कुतूहलामागे उपयोगाची आठवण ताजी होती. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आधी उत्तरेत लागू झाला आणि १९११ च्या सुधारणेने सर्व प्रांतांना लागू करता आला. मधल्या काळात काय बदलले, हे आत्र्यांच्या पुस्तकात सापडत नाही.

कुरवंड्याच्या शेजारीच ते सापडते. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे गेली. मीठ आणि धान्य डब्यात चढले. १८७८ च्या वनकायद्याने वाटेवरच्या चराईवर बंधने आली, म्हणजे बैलाचे पोट आणि तांड्याचे भाडे ही दोन्ही गणिते मोडली. फौजा तर आधीच संपल्या होत्या. मागे उरली ती दंडमुक्तीची आठवण, आणि तिच्याच आधारे पोलिसांच्या नोंदवह्या भरल्या.

व्यंकटेश माडगूळकरांनी ‘बनगरवाडी’त (१९५५) धनगरांच्या वाडीला दुष्काळात उठताना दाखवले आणि उठून जाण्याला दोष मानले नाही, वेशीबाहेर पाऊल टाकणारी ती नजर मराठीत तेव्हा नवी होती. पुढे ‘उपरा’, ‘उचल्या’, ‘तांडा’ ही आत्मकथने आली आणि फिरस्ता स्वतः बोलू लागला. त्यांच्यापुढचा प्रश्न पोलिसांचा आणि भाकरीचा होता. सतराव्या शतकातल्या गोणी त्यांनी मोजाव्यात ही मागणी अन्यायाची ठरेल. ते काम इतिहासाच्या अभ्यासकांचे आहे. पुणे पुराभिलेखागारातल्या पेशवे दफ्तरात जकातीचे हिशेब आहेत. ते आजवर बहुतेककरून महसुलासाठी वाचले गेले. त्यांत घाट, महिना, बैलांची संख्या, माल आणि नाइकाचे नाव या पाच गोष्टी शोधत गेल्यास दख्खनच्या एखाद्या मोहिमेचा नकाशा गोणींच्या बाजूने काढता येईल, आणि तो बखरींच्या नकाशाशी किती जुळतो ते पाहता येईल.