चंचींतला अडकित्ता

इतरत्र खिशांत मिटता चाकू असे, तसा आमच्याकडे चंचींत अडकित्ता. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांतले पितळी, नक्षीदार अडकित्ते पाहून कोणीहि थक्क होईल. कवि ‘अज्ञातवासी’ यांनीं जमविलेला हा संग्रह १९७५ सालीं सरकारच्या स्वाधीन झाला. परंतु कांचेआडून कारागिराची कल्पकता दिसते, हत्याराचा गुण दिसत नाहीं. पितळी मोराची मान मुठींत बोचते कीं नाहीं, हें कसें कळावें?

पाटसच्या स्थानकावर एका आजोबांनीं चंची सोडली, तेव्हां हें आमच्या ध्यानीं आलें. अडकित्ता साधा लोखंडी. दांडे वापरानें गुळगुळीत, खिळा सैल नाहीं कीं घट्ट नाहीं. एका दाबासरशीं सुपारी दुभंगे आणि खांड तळव्यांतच राही! “बघा कातरून,” म्हणून त्यांनीं तो आम्हांस दिला. आमची सुपारी बाकाखालीं गेली. आजोबा मनमुराद हंसले.

सुपारी कर्करोगकारक असल्याचें आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनीं २००३ सालीं जाहीर केलें. तेव्हां ती सुटलेलीच बरी. मात्र अडकित्ता आतां कांचेआडच उरावयाचा असेल, तर त्याजपाशीं एखादा साधा लोखंडी अडकित्ता पाहणाराच्या हातीं द्यावयास ठेवावा. कातरावयास सुपारीच हवी असें नाहीं. सुकें खोबरें चालेल.