कुठल्याही कथेला चालणारं चित्र

'उपयोजित कला' हे नाव मला नेहमी खटकतं. खासगी डिझाइन कॉलेजं सोडली, तर इलस्ट्रेशन शिकायला बहुधा याच शाखेत जावं लागतं, मग ते टिळक रोडवरचं अभिनव असो की मुंबईचं जेजे. म्हणजे चित्र आधी कुणाच्या तरी उपयोगाचं. जेजेत १९३५मध्ये हा विभाग सुरू झाला तोही 'कमर्शियल आर्ट' म्हणूनच.

त्या शिक्षणाचं मोल मी नाकारत नाही. दीनानाथ दलाल जेजेतलेच. १९४५मध्ये त्यांनी सुरू केलेल्या 'दीपावली'तले रंग, मानेचा बाक, लुगड्याच्या चुण्या बघा. हात घोटल्याशिवाय हे येत नाही.

पण मग वसंत सरवटे घ्या. स्थापत्य अभियंता, सिमेंट कंपनीत नोकरी. (आम्हा इंजिनिअर लोकांना हे उदाहरण फार आवडतं, डिग्री नकोच, असा सोयीचा अर्थ काढता येतो.) त्यांनी 'ललित'च्या मुखपृष्ठांवर लेखक, प्रकाशक, वाचक सगळ्यांची फिरकी घेतली. ती घ्यायला मराठी साहित्य अंगात मुरलेलं लागतं. ते अ‍ॅनाटॉमीच्या तासाला मिळत नाही.

आजच्या दिवाळी अंकांत बरीच चित्रं सफाईदार असतात. नायिका खिडकीत, बाहेर पाऊस. शेजारची कथा बदलली तरी चित्राचं काही बिघडत नाही. असं चित्र आता एआय फुकटात काढून देतं. चार वर्षं फी भरणाऱ्या मुलांना लोगो, पोस्टर, कॅम्पेन भरपूर मिळतात. एका सत्रात त्यांना जी. ए. कुलकर्णींची एकच कथा द्यावी. क्लायंट नाही, ब्रीफ नाही, आणि पहिला महिनाभर पेन्सिलीला हात लावायचा नाही.