मांडवीपासून वर चढत जाणारं गाव

रत्नागिरीला स्वतःची गाडी घेऊन आलेल्या पाहुण्याचा दिवस बहुधा ठरलेला असतो. थिबा राजवाडा, भगवतीचा किल्ला, मांडवी, वेळ उरला तर मत्स्यालय, आणि मग आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळे. यादीतलं काही सुटत नाही, गाव मात्र सुटतं. रत्नागिरीचा सगळा अर्थ तिच्या चढणीत आहे, आणि चढण पायांना कळते, ॲक्सिलरेटरला नाही.

त्यात आज आपण या गावात मागच्या दाराने शिरतो. 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण झाली, पण स्टेशन राहिलं कुवारबावला, समुद्रापासून सहा-सात किलोमीटर आत, सड्यावर, म्हणजे वरच्या जांभ्याच्या पठारावर. हातखंब्याहून येणारा रस्ताही सड्यावरूनच येतो. त्यामुळे आधी भेटतं ते साळवी स्टॉप, मारुती मंदिर या बाजूचं नवं शहर: दुकानं, बँका, फ्लॅटच्या इमारती. जुन्या रत्नागिरीचं पुढचं दार समुद्राकडे होतं. मुंबईहून बोट यायची, बंदरात नांगर टाकायची, आणि माणसं पडावात बसून किनाऱ्याला लागायची. तिथून गाव वर वर चढत गेलं. म्हणून ज्याला ही रत्नागिरी वाचायची आहे त्याने स्टेशनवरून एसटीची शहर बस धरावी, मारुती मंदिरला उतरायचा मोह टाळावा, बस नेईल तितकं खाली बाजाराकडे यावं, आणि मांडवीपर्यंत चालत जाऊन तिथून सुरुवात करावी.

मांडवीची वाळू काळी आहे. इल्मेनाइट या जड खनिजाचे कण तिच्यात मिसळलेले आहेत, मुठीत घेतली की वजन जाणवतं. रत्नदुर्गाच्या, म्हणजे त्या भगवतीच्या किल्ल्याच्या, पलीकडे, उत्तरेला, वाळू फिकट आहे. म्हणून लोक याला काळा समुद्र म्हणतात आणि त्याला पांढरा. गाडीतून पाहणाऱ्याच्या लेखी या दोन वेगळ्या चौपाट्या. मुरुगवाड्याच्या बाजूने चालत गेलेल्याला मात्र एकाच गावात, तासाभराच्या आत, पायाखालचा रंग बदललेला दिसतो. मधे किल्ल्याचं भूशिर समुद्रात घुसलेलं आहे, एवढाच काय तो आडपडदा.

आता पाठ समुद्राकडे करून वर निघायचं. इथे मी सगळ्यात जास्त रेंगाळतो ते गडग्यांपाशी. कोकणातला गडगा म्हणजे जांभ्या दगडाचं कुंपण, पण त्याच्या अगदी जवळ उभं राहून पाहिलं तर त्यात गावाचं वय लिहिलेलं असतं. जुन्या चिऱ्यावर हत्याराचे तिरके घाव दिसतात, एकाला एक समांतर नसलेले, कारण ते हाताने घातलेले आहेत. नव्या चिऱ्यावर यंत्राच्या पात्याच्या सरळ, एकसारख्या रेघा. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवा लागली की कठीण होत जातो. म्हणजे तो घाव पहिल्या काही दिवसांतला आणि त्यानंतरचा सगळा कठीणपणा पावसापाण्याचा. दगडाच्या भोकांत शेवाळ, नेचे, एखादं पिंपळाचं रोप. एकाच कुंपणात खाली हाताचे चिरे आणि वर यंत्राचे असतील, तर ते पडून पुन्हा रचलंय हे कुणी न सांगता कळतं. ही मजा ताशी चार किलोमीटरच्या वर मिळत नाही.

टिळक आळीतलं लोकमान्यांचं घर याच जांभ्याचं आणि कौलांचं. 1856 च्या जुलैत ते इथे जन्मले आणि दहा वर्षांचे असताना कुटुंब पुण्याला गेलं. दारात गाडी थांबवून पाहिलं तर ते स्मारक वाटतं. आळीतून चालत आलं तर आधी शेजार भेटतो आणि मग घर, आणि तेच योग्य आहे, कारण एका शिक्षकाचा मुलगा इथे अशाच क्रमाने घरी येत असणार. तिथून पायी जाण्याजोग्या अंतरावर पतितपावन मंदिर. सावरकरांच्या प्रेरणेने आणि भागोजीशेठ कीरांच्या पैशाने 1931 साली उभं राहिलेलं, सर्व जातींच्या हिंदूंना गाभाऱ्यापर्यंत मोकळं. देवळांचे उंबरे ओलांडायला कोट्यवधी माणसांना बंदी होती त्या काळात हे घडलं, हे त्या पायऱ्यांवर उभं राहून मनात आणलं पाहिजे.

पुढे सड्याकडे चढायला मोठा रस्ता आहेच. पण कुठे पाखाडी दिसली तर ती सोडू नये. जांभ्याच्या पायऱ्यांचा हा पायरस्ता दोन आगरांच्या, म्हणजे बागायतींच्या, मधून जातो. पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या, दोन्ही बाजूंना फणसाची मुळं. हल्ली बऱ्याच पाखाड्यांवर सिमेंट ओतलं जातं. त्याने चिखल टळतो हे खरं, पण पावसात जांभ्यावर जी पकड मिळते ती सिमेंटवर मिळत नाही, आणि शक्य तिथे जुना दगड राखावा असं मला मनापासून वाटतं. वर येता येता एका वळणावर दमटपणा सुटतो आणि वारा लागतो. सडा आला, हे असं अंगाला कळतं.

या वाऱ्यावर थिबा राजवाडा आहे. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला, थिबाला, इंग्रजांनी 1886 च्या एप्रिलमध्ये बोटीने इथे आणलं. चोवीस वर्षं तो बंगल्यांत राहिला, 1910 मध्ये या लाल वास्तूत आला आणि 1916 मध्ये इथेच वारला. लाकडी अर्धगोल खिडक्या, प्रशस्त दालनं, आता आत सरकारी वस्तुसंग्रहालय. वास्तू देखणी आहे. पण तिचा अर्थ मला थिबा पॉइंटवर लागतो. तिथून भाट्याची खाडी, समुद्राला मिळणारी काजळी नदी, पूल, राजिवड्याच्या होड्या असं सगळं एका नजरेत येतं. पायी चढून आलेला माणूस ज्या उंचीने दमलेला असतो, तीच उंची राजाला समुद्रापासून वेगळं ठेवत होती. ज्या वाटेने आणलं ती वाट रोज दिसत राहावी आणि जाता येऊ नये, ही शिक्षा इथे उभं राहिल्यावर समजते.

रत्नदुर्ग त्याच दिवसात कोंबू नका, त्याला स्वतंत्र संध्याकाळ द्या. मिरकरवाडा बंदरातली मासळीची लगबग बघत, भगवतीच्या देवळापर्यंत निवांत चढा. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत आणि चारनंतरच चाला, सडा तापतो. पावसाळ्यात बुटाचा तळ खरखरीत हवा. आणि किल्ल्याकडे बसने जात असाल, तर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा.